या चुका टाळा : गावोगावच्या संवाद-बैठका कुठे फसतात

महाराष्ट्राला व्याख्यानाची सवय जुनी. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात 1875 मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे गावोगावच्या वाचनालयांनी तोच साचा उचलला. त्यात वाईट काही नाही. पण एखादी संस्था इतिहास, साहित्य किंवा भाषा या विषयांवर लोकांना बोलतं करायचं ठरवते, तेव्हाही व्यासपीठ, पाहुणे आणि समोर खुर्च्यांच्या रांगा हाच थाट मांडला जातो. नंतर 'लोक बोलतच नाहीत' अशी तक्रार होते. लोक बोलत नाहीत, कारण त्यांच्या बोलण्यासाठी वेळ आणि जागा ठेवलेलीच नसते.

वेळेचा हिशेब न करणं

निमंत्रण सहाचं. सुरुवात सहा पंचवीसला. प्रतिमापूजन आणि दीपप्रज्वलनाला दहा मिनिटं, स्वागतगीताला पाच, सात जणांच्या शाल-श्रीफळाला पंधरा, प्रास्ताविकाला पंधरा, परिचयाला आठ. सव्वासात झाले. पाहुणे पन्नास मिनिटं बोलले की आठ वाजून गेले. याच वेळी निम्म्या बायका स्वयंपाकासाठी उठतात, आणि निवेदक म्हणतात, 'कुणाला काही प्रश्न असल्यास…'

दीड तासाची बैठक धरा. स्वागत पाच मिनिटं, विषयावरचा छोटा उतारा मोठ्याने वाचायला दहा, चर्चेला साठ, आवराआवरीला पंधरा. सत्कार करायचाच असेल तर चहाच्या वेळी करा. अध्यक्ष नको, आभारप्रदर्शन दोन वाक्यांत. स्थानिक पुढाऱ्याचं मन राखायचं असेल तर त्यांना उतारा वाचायला द्या. मान राहतो आणि भाषण टळतं.

खुर्च्या आणि जागा

माणसं रांगांऐवजी वर्तुळात बसवा. पण वर्तुळाला जागा किती लागते याचा अंदाज सहसा चुकतो. एका माणसाला साधारण 70 सेंटिमीटर धरले, तर वीस जणांच्या वर्तुळाचा घेर 14 मीटर आणि व्यास साडेचार मीटर होतो. खुर्च्यांची खोली आणि मागून जायची वाट धरली की वीस फूट बाय वीस फुटांची मोकळी खोली हवी. त्याहून लहान खोलीत अर्धी माणसं दुसऱ्या रांगेत सरकतात आणि गप्प होतात. सतरंजीवर बसलात तर कमी जागेत भागतं, पण म्हाताऱ्यांसाठी चार-पाच खुर्च्या वर्तुळातच ठेवा, भिंतीकडेला नको.

वीस माणसांना माइक लागत नाही. माइक हातात आला की माणूस भाषण करू लागतो. साठ-सत्तर जण येणार असतील तर तीन गट करा आणि शेवटची वीस मिनिटं एकत्र बसा. तेव्हा माइक लागलाच तर तो स्वयंसेवकाच्याच हातात राहू द्या, आणि कर्णे माइकच्या पुढे ठेवा, मागे ठेवले की शिट्टी वाजते. उघड्यावर लाउडस्पीकर लावणार असाल तर पोलिसांची लेखी परवानगी घ्या.

बैठक कुणाच्या जागेत आहे, हे गावाला पत्रिका न वाचताच कळतं. देवळाच्या सभामंडपात ठेवली तर काही वस्त्या येत नाहीत, एखाद्या समाजाच्या मंदिरात ठेवली तर दुसऱ्या. पुढाऱ्याच्या अंगणात तर अर्धं गाव फिरकत नाही. वाचनालय किंवा शाळा त्यातल्या त्यात बरी. शाळेसाठी मुख्याध्यापकांची परवानगी आधी घ्या, आणि किल्ली कुणाकडे आहे तेही विचारून ठेवा. निवडणुकीची आचारसंहिता लागू असेल तर सरकारी इमारत आणि सरकारी निधी दोन्ही अडकतात.

एकच वेळापत्रक 36 जिल्ह्यांना

राज्यभर उपक्रम करताना सगळ्यांत महागात पडते ती ही चूक. मुंबई-पुण्यात बसून 'जानेवारी ते मे' असं ठरवलं जातं. जानेवारीत बीडच्या कितीतरी गावांत घरी म्हातारी माणसं आणि मुलंच असतात. बाकीचे ऊसतोडीला गेलेले असतात, ते गाळप हंगाम संपल्यावर परततात. मे महिन्यात विदर्भात दुपारी बैठक ठेवणं म्हणजे कुणी येऊ नये अशी सोय. तिथे सकाळी सात किंवा दिवेलागणीनंतर. पेरणीच्या दिवसांत कुठेच नाही. आषाढी एकादशीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस पालखी मार्गावरची गावं वेगळ्याच कामात असतात. कोकणात उलट आहे. गणपती आणि शिमग्याला चाकरमानी गावात असतात, पण सणाच्या दिवशी कुणाला उसंत नसते. सणाच्या मागचा-पुढचा एखादा दिवस धरा.

आठवडी बाजाराचा वार आधी विचारा. बाजारादिवशी माणसं तालुक्याला जातात आणि दमून परततात.

ग्रामसभेला जोडून बैठक ठेवण्याचा मोह टाळा. लोक आयते जमलेले असतात हे खरं, पण डोक्यात नळाचं पाणी, घरकुल आणि रस्ता असतो. वेगळ्या दिवशी घेतली तरी हे विषय निघणारच. त्यांना 'विषयाला धरून बोला' म्हणून तोडलं की माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. वहीत वेगळं पान ठेवा, तक्रार त्याच्यासमोर लिहा आणि ते पान ग्रामपंचायतीत द्या. मग चर्चेकडे परत येता येतं.

उतारा आणि प्रश्न

पुस्तक आधी वाचून या, असं सांगितलं तर वाचून येणारे तीन-चारच निघतात आणि बैठक त्यांचीच होते. चारशे-पाचशे शब्दांचा एक उतारा घ्या. मोठ्याने वाचायला पाच मिनिटं लागतात. अक्षर सोळा पॉइंटचं, ओळींत दीडपट अंतर, कागदाच्या एकाच बाजूला छपाई. वाचता न येणारे असतातच, म्हणून उतारा दोनदा वाचावा, दुसऱ्यांदा वेगळ्या आवाजात.

झेरॉक्स वाटण्याआधी हक्क तपासा. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं स्वामित्वहक्क चालतो. लेखन निधनानंतर प्रसिद्ध झालं असेल तर मोजणी प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून. बहिणाबाई चौधरी 1951 मध्ये गेल्या, त्यांच्या कविता 1952 मध्ये छापल्या गेल्या, म्हणजे त्या 2013 पासून मोकळ्या आहेत.

प्रश्नात उत्तर दडलेलं असेल तर चर्चा होत नाही. 'वाचनसंस्कृती टिकली पाहिजे का?' यावर सगळे 'हो' म्हणतात आणि संपतं. 'तुमच्या घरात शेवटचं पुस्तक कोण घेऊन आलं, आणि कशासाठी?' यावर वीस माणसं वीस उत्तरं देतात. तीनच प्रश्न ठेवा. पहिला उताऱ्यातल्या एखाद्या ओळीवर, दुसरा अनुभवावर, तिसरा असा की ज्यावर माणसं वेगवेगळ्या बाजूंना जातील.

एक उदाहरण घेऊ. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीचा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता, असं ती त्यात विचारते. मजकूर उत्तम, स्वामित्वहक्काचा प्रश्नच नाही. पण मिश्र वस्तीच्या बैठकीत वाचन संपताच सगळ्यांच्या माना दलित वस्तीतून आलेल्या दोन-तीन माणसांकडे वळतात: तुम्ही सांगा. त्यांनी साक्ष द्यायची आणि बाकीच्यांनी चुकचुकायचं, असा प्रकार होतो. म्हणून पहिला प्रश्न मजकुरावरच ठेवा: ही मुलगी नेमकं कुणाशी बोलते आहे? दुसरा सगळ्यांना सारखाच: या गावात शाळेत पहिल्यांदा कोणत्या घरातली मुलगी गेली, आणि कोणत्या घरातली सर्वांत शेवटी? याला ऐकीव माहिती पुरत नाही. प्रत्येकाला आपल्या आजीपर्यंत मागे जावं लागतं.

समन्वयकाचे हात

विद्वान माणसाला समन्वयक, म्हणजे चर्चा चालवणारा, करणं ही चूक हमखास होते. प्रत्येक उत्तरावर तो भर घालतो. समन्वयकाने एकूण वेळेच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त बोलू नये. प्रश्न विचारून झाल्यावर मनात दहा अंक मोजा. सातव्या-आठव्या अंकाला कुणीतरी घसा खाकरतं. तिसऱ्याच अंकाला स्वतः बोलायला लागलात तर तो माणूस परत गप्प.

निवृत्त गुरुजी किंवा माजी सरपंच पंधरा मिनिटं सोडत नसतील, तर पुढच्या वेळी त्यांना समोर बसवू नका, आपल्या शेजारी बसवा. समोरच्या माणसाशी सारखी नजरानजर होते आणि त्याला बोलायचं निमंत्रण मिळत राहतं. शेजारच्याशी ती होत नाही. बायका दाराजवळ एकत्र बसल्या असतील तर त्यांना नाव घेऊन उठवू नका. प्रश्नावर आधी तीन मिनिटं शेजारणीशी बोलायला सांगा, मग 'तुमच्यात काय निघालं?' असं विचारा. काही गावांत बायकांची वेगळी बैठक आधी घ्यावी लागते. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे, त्यामुळे यात कुणाला वावगं वाटत नाही.

समन्वयकाची बोली जुळली पाहिजे. खानदेशात अहिराणी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी. प्रमाण मराठीत प्रश्न विचारला तर उत्तरही शाळेतलं येतं, आणि नेमकं तेच आपल्याला नको असतं. म्हणून प्रत्येक ठिकाणी स्थानिक माणूस तयार करा, त्याला मानधन द्या आणि पहिल्या दोन बैठकांत त्याच्यासोबत बसा.

मोबाइल आणि नंतरचं काम

कोपऱ्यात कॅमेरा लागला की जातीबद्दल, नवऱ्याबद्दल, जमिनीबद्दल कुणी बोलत नाही. फोटो सुरुवातीला पाच मिनिटांत काढून घ्या, मग मोबाइल खिशात. नोंदी हाताने, नावांशिवाय. आठ दिवसांत एका पानाचं टिपण वाचनालयाच्या फळ्यावर लावा. त्यात निघालेले मुद्दे लिहा, कौतुक नको.

एकाच बैठकीवर थांबू नका. पहिल्या वेळी लोक तुम्हाला जोखतात, दुसऱ्या वेळी थोडे बोलतात, खरं बोलणं तिसऱ्यांदा निघतं. त्यामुळे एकवीस गावांत एकेक बैठक करण्याएवढाच निधी असेल तर सात गावं निवडा आणि प्रत्येक ठिकाणी तीन बैठका घ्या. अहवालात गावांचा आकडा लहान दिसेल, दिसू द्या. पुढची तारीख मात्र लोक उठायच्या आधीच त्यांच्याकडून ठरवून घ्या. व्हॉट्सॲपवर नंतर विचारलं की नुसते अंगठे येतात.