घरात फिशटँक किंवा कासव आहे? या चुका टाळा

ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये सर्रास होणारी चूक म्हणजे टँक किचनच्या सिंकमध्ये धुणं. बाल्कनी अरुंद, म्हणून गाळ, दगड, फिल्टरचा स्पंज, सगळं भाजी धुतो तिथेच रिकामं होतं. कासव ठणठणीत दिसतं, त्यामुळे त्याच्या पाण्याची भीती वाटत नाही. पण त्याच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्याला स्वतःला काही होत नाही, विष्ठेतून मात्र जंतू पाण्यात आणि कवचावर येतात. हातावरून ते तोंडात गेले की ताप, जुलाब, पोटात मुरडा. पाच वर्षांखालच्या मुलांना हे फार जड जाऊ शकतं. ४ इंचांहून लहान कासवं विकायला अमेरिकेत १९७५ मध्ये बंदी आली ती याच आजारामुळे.

टँक बाथरूममध्ये धुवा आणि त्यासाठी बादली वेगळी ठेवा. कासवाला हात लावल्यावर साबण हवाच. मुलांना त्याची पापी घेऊ देऊ नका. नळीने पाणी काढताना तोंडाने ओढू नका, त्यासाठी हातपंप मिळतो.

दुसरी चूक जास्त महागात पडते: हाताला खरचटलेलं असताना उघड्या हाताने टँक साफ करणं. मासे आणि टँकच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम मरिनम असू शकतो, क्षयाच्या जंतूचा हा भाऊबंद. बोटावर गाठ उठते ती बहुधा दोन ते चार आठवड्यांनी, तोवर टँक धुतल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं. मग गाठी हातावर वर सरकत जातात आणि मलमं लावण्यात महिने जातात. नेहमीच्या अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स इथे पुरत नाही, योग्य औषधं काही महिने घ्यावी लागतात. डॉक्टर विचारतीलच असं नाही, तेव्हा घरी टँक आहे हे आपणच सांगा. हा जंतू ३० अंशांच्या आसपास चांगला वाढतो, ३७ अंशांवरच्या कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, निसटू शकतो. म्हणून लॅबलाही संशय आधी कळायला हवा. टँक साफ करताना लांब रबरी हातमोजे घाला.

रोहू-कटला साफ करताना काटा टोचला तर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. दिवसभरात सूज, लाली वाढली तर डॉक्टरकडे जायला थांबू नका. मधुमेह असेल तर मुळीच नाही.

आणि कासव नकोसं झालं म्हणून तलावपाळीला किंवा उपवन तलावात सोडू नका. दुकानात मिळणारं लाल कानपट्ट्याचं कासव मूळचं अमेरिकेतलं, ते इथल्या कासवांच्या खाण्यावर आणि जागेवर हक्क सांगतं. प्राणी वाचवणाऱ्या संस्थेकडे किंवा वनविभागाकडे चौकशी करा.