वाफ्यावर काय टाकायचं? भुसा, ढलप्या का साल?

आरागिरणीत नाहीतर सुताराकडे गेलात की तीन प्रकारचा माल दिसतो, करवतीचा बारीक भुसा, रंध्यातनं निघालेल्या कुरळ्या ढलप्या आणि ओंडका चौकोनी करताना निघालेली साल. बहुतेक जण भुसा उचलतात कारण गोणीत भरायला सोपा, पण मल्चिंगला, म्हणजे झाडाभोवतीची माती झाकायला, तोच सगळ्यात कमी कामाचा, जाड टाकला की दबून त्याचा पापुद्रा धरतो आणि वरून घातलेलं पाणी मुळाशी जायच्याऐवजी बाजूने वाहून जातं.

गुलाब, मोगरा, जास्वंद, लिंबू अशी वर्षानुवर्षं एका जागी राहणारी झाडं असतील तर साल घ्या, अंगठ्याएवढे तुकडे करून. साल लाकडापेक्षा हळू कुजते त्यामुळे सारखी भर घालावी लागत नाही. पालेभाजीच्या वाफ्यात मात्र लाकूड नकोच, तिथे दर दीड-दोन महिन्यांनी माती हलवायची असते, उसाचं पाचट किंवा सुका पाला बेस्ट.

मातीत मिसळायचं का? अजिबात नाही! लाकूड कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि झाडाची खालची पानं पिवळी पडायला लागतात. वरच राहू दे, आणि टाकायच्या आधी खाली शेणखताचा पातळ थर द्या.

घेताना एक मूठ हातात घेऊन नीट बघा. पिठासारखा भुसा, त्यात सनमायकाचे रंगीत कण, गोंदाचा वास, म्हणजे प्लायवूड नाहीतर एमडीएफ (लाकडाचा लगदा गोंदात दाबून केलेला बोर्ड), तो घेऊच नका. रंग किंवा वाळवीचं औषध मारलेलं जुनं लाकूडही नको. पॅकिंगच्या पॅलेटचं (माल ठेवायच्या लाकडी चौकटीचं) असेल तर शिक्का बघा, 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन जंतुमुक्त केलेलं, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते सोडून द्या. निलगिरीचा ताजा माल दोन-तीन महिने ढीग करून ओला ठेवा मगच वापरा, कारण त्यातल्या द्रव्यांनी कोवळी रोपं खुरटतात. आणि व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ढीग आतून हवेशिवाय कुजलाय, पसरून वारा लागू द्या.

थर दोन ते तीन इंच. हिशोब सोपा आहे, १०० चौरस फुटाला ३ इंच म्हणजे २५ घनफूट, ५० किलोच्या सिमेंटच्या साधारण २० गोण्या. बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी सोडाच, खोडाला टेकवलं की खोडाची साल कुजते. घराच्या भिंतीपासूनही फूटभर लांब, आपल्याकडे वाळवी कुठून चढेल सांगता येत नाही, अधूनमधून थर उलटून बघत जा.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, थर इंचभरच ठेवा नाहीतर खाली गोगलगायी आणि वाणी किडे वस्ती करतात. बाजूला काढलेला माल ताडपत्रीखाली ठेवायचा आणि पाऊस थांबला की ऑक्टोबर हीटच्या आधी परत पसरायचा.