एक्सटीसी ऐकायची तर एक साल धरा

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी माझा मंडप, लाईट अन् साऊंडचा धंदा आहे. त्याआधी मी आर्वीला टेप-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो. १९९५ च्या सुमारास एक गिऱ्हाईक टू-इन-वन ठेवून गेलं, ते परत आलंच नाही. आत नव्वद मिनिटांची कॅसेट होती. वर काही लिहिलेलं नव्हतं. हेड साफ करून मी ती चालवून पाहिली. सगळं इंग्रजी, एक शब्द कळेना. पण ढोल असा सुटा अन् कोरडा वाजत होता की मी पाना खाली ठेवला.

ती कॅसेट माझ्याकडे बिननावाची राहिली. २०१४ च्या दिवाळीत मुलगी अमरावतीहून घरी आली, तिनं टेपसमोर मोबाइल धरला अन् म्हणाली, "बाबा, एक्सटीसी नाव हाय यांचं. रेकॉर्ड 'इंग्लिश सेटलमेंट', सन १९८२." एक्सटीसी हा इंग्लंडचा बँड. मग मी त्यांचं सगळंच शोधून ऐकलं, आणि चुकीच्या पद्धतीनं ऐकलं. आठ दिवसांत सगळ्या रेकॉर्डी संपवल्या. हाती काही लागलं नाही. दुसऱ्यांदा सावकाश ऐकलं तेव्हा उमजलं. ते तुमच्या कामी यावं म्हणून हे लिहितो आहे.

आपल्याकडे सालदार पाडव्याला ठरतो, पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. तसंच करा. या बँडच्या १९७८ ते २००० मध्ये निघालेल्या मुख्य रेकॉर्डी साधारण डझनभर आहेत. एका महिन्याला एक धरली की साल पुरतं. रोज गाणी बदलत बसलात तर त्यांची कारकीर्द कळणार नाही, कारण हा बँड दर रेकॉर्डीला थोडा थोडा बदलत गेला आणि ते बदलणं कानाला सावकाशच कळतं.

आधी या बँडचं गाव समजून घ्या. स्विंडन हे लंडनच्या पश्चिमेचं रेल्वेचं गाव. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा मोठा कारखाना तिथं १८४३ मध्ये सुरू झाला अन् १९८६ मध्ये बंद पडला. पुलगावची कापड गिरणी ज्यांनी चालू असताना पाहिली अन् बंद पडल्यावरही पाहिली, त्यांना स्विंडन वेगळं सांगावं लागणार नाही. अँडी पार्ट्रिज गायचा आणि गिटार वाजवायचा, कॉलिन मोल्डिंग बास गिटार वाजवायचा आणि तोही गायचा, टेरी चेंबर्स ड्रमवर. सुरुवातीला कीबोर्डवर बॅरी अँड्र्यूज होता. पंक नावाच्या आक्रमक रॉक संगीताच्या लाटेत १९७७ साली व्हर्जिन कंपनीनं त्यांना घेतलं. नाव झालं, पैसा कमी मिळाला, पण अँडी अन् कॉलिन स्विंडन सोडून लंडनला राहायला गेले नाहीत. माझ्या लेखी या बँडची सगळी किल्ली तिथं आहे.

सुरुवात पहिल्या रेकॉर्डीपासून करू नका. १९७८ मध्ये त्यांनी दोन काढल्या, 'व्हाईट म्युझिक' आणि 'गो टू'. त्या शेवटी ठेवा, का ते शेवटी सांगतो. पाडव्याला 'ड्रम्स अँड वायर्स' लावा, १९७९ ची. कीबोर्डवाला गेला होता, त्याच्या जागी डेव्ह ग्रेगरी गिटार घेऊन आला. म्हणून नाव तसं : ड्रम आणि गिटारच्या तारा. लंडनच्या टाऊनहाऊस स्टुडिओत स्टीव्ह लिलीव्हाईट आणि ह्यू पॅडगम या दोघांनी ती ध्वनिमुद्रित केली.

तिच्यातलं पहिलंच गाणं 'मेकिंग प्लॅन्स फॉर नायजेल'. कॉलिनचं आहे, इंग्लंडच्या खपाच्या यादीत १७ व्या नंबरपर्यंत गेलं. महिन्याचे चार आठवडे कसे वापरायचे ते या एका गाण्यावर शिकून घ्या, पुढे सगळीकडे तेच करायचं.

पहिला आठवडा नुसतं वाजू द्या. भांडी घासताना, बैलाला पाणी दाखवताना. शब्दांमागे जाऊ नका.

दुसऱ्या आठवड्यात फक्त ड्रम ऐका. टेरीनं इथं कामाची अदलाबदल केली आहे. वरच्या पातळ झांजेनं जी चाल धरायची ती खालच्या टमटम नावाच्या ढोलावर दिली आहे. ज्यांनी भजनी मंडळात बसून खंजिरी ऐकली आहे त्यांना हे चटकन सापडेल : झांजवाल्यानं हात थांबवावा आणि त्याचं काम ढोलकीनं उचलावं, तसं. हाताला सापडेपर्यंत मांडीवर वाजवून पाहा. मला चार दिवस लागले.

तिसऱ्या आठवड्यात शब्द समोर घ्या अन् वहीत आपल्या भाषेत उतरवा. डिक्शनरीतली मराठी नको, घरात बोलता ती. या गाण्यात आईबाप सांगतात की आमच्या पोराचं आम्ही ठरवून टाकलं आहे, ब्रिटिश स्टील या पोलाद कंपनीत त्याचं भविष्य पक्कं आहे, तो सुखात आहे. पोरगा स्वतः गाण्यात एक शब्द बोलत नाही. मी हे शेजारच्या मुलाला सांगितलं, तो तीन वर्षांपासून भरतीच्या तयारीत पहाटे रोडनं पळतो. तो थोडा वेळ गप्प राहिला अन् म्हणाला, "काका, हे त आमच्याच घरचं गानं हाय गा."

चौथ्या आठवड्यात वही बंद. आता फक्त बास गिटार. कॉलिनची बास गाण्याखालून चालत नाही, ती दुसरं गाणं गाते.

ऐकायचं कशावर, तेही सांगतो. मोबाइलला पिनवाला साधा हेडफोन पुरतो. गावात नेटवर्क धड धरत नाही, म्हणून आर्वीला बाजाराला गेलात की महिन्याची रेकॉर्ड उतरवून आणा. जागलीला ऐकणार असाल तर एकच कान द्या, दुसरा रानडुकराला ठेवा. पण एका कानानं ऐकताना एक चूक होते : या बँडनं एक गिटार डाव्या बाजूला, एक उजव्या बाजूला ठेवलेली असते, म्हणजे अर्धं गाणं तुमच्यापर्यंत येतच नाही. मोबाइलच्या सेटिंगमध्ये सुलभतेच्या विभागात मोनो ऑडिओ असतो, तो चालू करा. दोन्ही बाजू एकाच कानात येतात. घरी आल्यावर आठवणीनं बंद करा.

वैशाखात 'ब्लॅक सी' घ्या, १९८० ची. स्टेजवर वाजवता यावी अशी जाड, ठोक रेकॉर्ड आहे. तिच्यातलं 'टॉवर्स ऑफ लंडन' सोडू नका, लंडन ज्यांनी अंगमेहनतीनं बांधलं त्या मजुरांवर आहे.

मृग लागला की 'इंग्लिश सेटलमेंट'. माझ्या कॅसेटवाली. विलायतेत ती दोन तबकड्यांची निघाली, १५ गाणी. मुखपृष्ठावर अफिंग्टनचा पांढरा घोडा आहे, टेकडीवर खडूच्या दगडात कोरलेला फार पुरातन घोडा, स्विंडनहून जवळच. 'सेन्सेस वर्किंग ओव्हरटाइम' हे गाणं १० व्या नंबरपर्यंत गेलं, त्याच्या वर त्यांचं एकही गाणं कधी गेलं नाही. आणि त्याच वर्षी, मार्च १९८२ मध्ये, पॅरिसच्या कार्यक्रमात पहिलंच गाणं चालू असताना अँडी स्टेज सोडून निघून गेला. भीतीनं. पुढे अमेरिकेचा दौराही रद्द झाला आणि बँडनं दौरे कायमचे थांबवले.

मी २० वर्षांहून जास्त काळ स्टेजच्या मागं उभा राहिलो आहे. माइक हातात घेतल्यावर चांगल्या भजनवाल्याचे ओठ पांढरे पडलेले पाहिले आहेत, हातातल्या खंजिरीचे घुंगरू नुसत्या थरथरीनं वाजलेले ऐकले आहेत. म्हणून मी त्याला पळाला म्हणत नाही. ही रेकॉर्ड ऐकताना तुम्ही एवढंच करा : कोणकोणत्या गाण्यात तारांची साधी, बिनविजेची गिटार आहे ते मोजा. स्टेजवर नेणं अवघड असं संगीत तो आधीच करू लागला होता.

पोळ्याला 'ममर', १९८३. तिच्यातलं 'लव्ह ऑन अ फार्मबॉइज वेजेस' ऐकण्याआधी घरातल्या जुन्या माणसाला विचारा, त्यांच्या काळी सालदाराला वर्षाचे किती पायली अन् किती रुपये मिळायचे. मग ऐका. मेंढरं आणणाऱ्याला एक शिलिंग, गाई दोहणाऱ्याला एक शिलिंग, आणि एवढ्या कमाईवर लग्न करू पाहणारा शेतगडी. माझे वडील १४ वर्षं सालदार होते. हे गाणं लागलं की मला पोळ्याच्या दिवशी नवीन धोतर नेसून बैलांसोबत तोरणाखाली उभे असलेले तेच दिसतात. याच रेकॉर्डीच्या तयारीत टेरी बँड सोडून गेला. बहुतेक गाण्यांवर पीट फिप्स नावाचा वाजवणारा आहे, हात हलका आहे त्याचा. तुम्ही मागचे महिने नीट ड्रम ऐकले असतील तर टेरी नसल्याचं तुम्हाला नाव न वाचता कळेल.

वेचणीच्या दिवसांत 'द बिग एक्स्प्रेस', १९८४, रेल्वेच्या गावाची. तिचं पाकीट गोल होतं, इंजिनाच्या चाकासारखं. मला ती थोडी कर्कश वाटते. पण पुलगाव-आर्वीची छोटी गाडी ज्यांना आठवते त्यांनी शेवटचं गाणं मोठ्या आवाजात लावावं.

आता 'स्कायलार्किंग', १९८६. इथं घाई नको, हवे तर दोन महिने द्या. टॉड रंडग्रेन या अमेरिकन निर्मात्यानं आधीच कच्ची गाणी मागवून त्यांचा क्रम लावला, त्यात एक दिवस, एक वर्ष आणि एक आयुष्य एकमेकांत विणलं. त्याचं अन् अँडीचं कडाक्याचं भांडण झालं. रेकॉर्ड मात्र अशी झाली की एक गाणं दुसऱ्यात कधी शिरलं कळत नाही. सुरुवातीला किडे, पाखरं, उन्हाळ्याची दुपार. मी ती पहिल्यांदा मे महिन्यात लावली, ४५ डिग्रीत, आणि काहीच जुळेना. इंग्लंडचा उन्हाळा आपल्या मार्गशीर्षात बसतो. हरभरा फुलावर असतो, उन्हात बसावंसं वाटतं, तेव्हा सकाळी अकराला धुऱ्यावर बसून लावा. पहिलं गाणं दुसऱ्यात उतरतं ती जागा एकदा तशा उन्हात ऐका.

या रेकॉर्डीची एक गोष्ट साऊंडवाल्यालाच नीट सांगता येते. २०१० मध्ये कळलं की तिची पोलॅरिटी उलटी झाली होती. म्हणजे स्पीकरचा पडदा ज्या क्षणी पुढं यायला हवा तेव्हा मागं जात होता. इतकी वर्षं आवाज पातळ वाटायचा, तो पुढं सरळ करून काढला. हे घरी करून पाहता येतं. स्पीकरच्या मागच्या दोन टोकांना पेन्सिल सेल क्षणभर लावा, लाल टोकाला सेलचं वरचं बोंड. पडदा टक्कन पुढं येतो. सेल उलटा करा, पडदा आत जातो. एका लग्नात माझ्या एका बेसच्या डब्याची वायर उलटी लागली होती. एकाचा पडदा पुढं, दुसऱ्याचा मागं. दोन्ही डबे जोरात हलत होते आणि मंडपाच्या मधोमध ढोल गायब. नवरदेवाचा मामा माझ्या अंगावर धावून आला. मी प्रत्येक वायर हातात धरत गेलो तेव्हा सापडलं. 'स्कायलार्किंग'मध्ये दोन्ही बाजू सारख्याच उलट्या होत्या, म्हणून आवाज गायब झाला नाही, नुसता अंग चोरून राहिला. जुनी अन् सरळ केलेली, दोन्ही मिळवा आणि एकाच गाण्याची बास लागोपाठ ऐका.

'डिअर गॉड' हे गाणं मुळात या रेकॉर्डीवर नव्हतं. 'ग्रास' या गाण्याच्या सुट्या तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलं होतं, अमेरिकेतल्या रेडिओवाल्यांनी तेच वाजवलं, मग आत घेतलं. देवावर विश्वास न उरलेल्या माणसाचं देवालाच पत्र, सुरुवात लहान मुलीच्या आवाजात. काही जणांना ते टोचेल. पण आपण त्या मुलखातले आहोत जिथं गाडगेबाबा कीर्तनात उभे राहून लोकांनाच उलट प्रश्न विचारायचे. ऐकून घ्यायला हरकत नाही.

माघात 'ऑरेंजेस अँड लेमन्स', १९८९, मग 'नॉनसच', १९९२. पहिलीत गर्दी फार आहे, दुसरी लांब आहे. आवडतील ती गाणी ठेवा. त्यानंतर सात वर्षं काही नाही. कंपनीच्या करारात पैसा हाती येईना, म्हणून त्यांनी त्या कंपनीसाठी ध्वनिमुद्रण करणंच बंद केलं, सुटका होईपर्यंत. हे सात वर्षांचं मौन तुम्हीही पाळा, निदान आठ दिवस काही लावू नका. मग १९९९ ची 'ॲपल व्हीनस व्हॉल्यूम वन'. व्हायोलिनांचा मोठा ताफा, ड्रम जवळजवळ नाहीत. तिच्यात 'हार्वेस्ट फेस्टिव्हल' आहे : शाळेतला सुगीचा सण, आणि एका मुलीनं टाकलेली नजर. तूर खळ्यावर आली की ऐका. याच कामात डेव्ह ग्रेगरी गेला. २००० च्या 'वॉस्प स्टार'वर अँडी आणि कॉलिन दोघंच उरले. ती शेवटची.

आता पाडवा पुन्हा आला असेल. मागं ठेवलेली 'व्हाईट म्युझिक' काढा. सुरुवातीला लावली असती तर नुसता गोंगाट वाटला असता. आता तुमचा कान तयार आहे. अँडी २४ वर्षांचा आहे, शब्द तोडून तोडून ओरडतो आहे, टेरी मागून त्याला ढकलतो आहे, आणि पॅरिसला अजून चार वर्षं आहेत. आवाज थोडा कमी करा, आणि तो श्वास कुठं घेतो ते ऐका.