हँडहेल्ड कन्सोलवर त्रिमितीय खेळ नीट चालेल का, हे कसे ताडून पाहावे

हातात धरून खेळायच्या कन्सोलला त्रिमितीय ग्राफिक्स पेलवतात का, या प्रश्नाचे उत्तर ‘पेलवतात’ असेच आहे आणि ते आजचे नाही. निन्टेन्डोच्या पहिल्या गेम बॉयचा प्रोसेसर जेमतेम ४ मेगाहर्ट्झचा आणि पडदा १६० बाय १४४ पिक्सेलचा, तोही करड्या-हिरव्या चार छटांचा होता. तरीही १९९२ साली जपानमध्ये त्याच्यासाठी ‘एक्स’ नावाचा, नुसत्या रेषांच्या सांगाड्यांनी आकृत्या दाखवणारा त्रिमितीय खेळ निघाला होता. म्हणून यंत्र निवडताना किंवा एखादा जड खेळ उतरवून घेण्यापूर्वी विचारायचे ते वेगळेच असते: किती पिक्सेलचे चित्र, सेकंदाला किती वेळा, किती वॅट खर्चून आणि किती वेळ? या चार गोष्टींचा मेळ बसतो की नाही, याचा बराचसा अंदाज आधीच बांधता येतो.

सर्वप्रथम त्रिमितीय चित्र काढण्यासाठी यंत्रात स्वतंत्र हार्डवेअर आहे का, हे पाहावे. आजच्या मोठ्या कन्सोलच्या बाबतीत हा प्रश्न उरलेला नाही, परंतु जुनी यंत्रे घेणाऱ्यांसाठी तो कळीचा आहे. २००१ साली आलेल्या गेम बॉय ॲडव्हान्समध्ये असे हार्डवेअर नव्हते. सपाट पार्श्वभूमी किंवा सपाट आकृत्या फिरवणे, लहान-मोठ्या करणे एवढे त्याची चित्रयंत्रणा स्वतः करू शकत असे. बाकी सारा हिशेब १६.७८ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला सॉफ्टवेअरमधून करावा लागे. दूरची वस्तू लहान दिसावी म्हणून तिच्या अंतराने भागावे लागते आणि या प्रोसेसरला तर भागाकाराची स्वतंत्र सूचनाच नव्हती. त्यामुळे प्रोग्रामर भागाकारांची उत्तरे आधीच काढून त्यांचे तक्ते मेमरीत ठेवत आणि प्रत्यक्ष खेळात केवळ गुणाकारावर भागवत. इतक्या तुटपुंज्या सामग्रीवर मोटार शर्यतींचे त्रिमितीय खेळ चालवून दाखवले गेले, याचे कौतुकच करायला हवे, पण चित्र भरड आणि हालचाल अडखळती असणार हे धरूनच ते खेळायला घ्यावेत.

२००४ च्या निन्टेन्डो डीएसमध्ये स्वतंत्र त्रिमितीय इंजिन आले, मात्र त्याच्या मर्यादा पक्क्या आखलेल्या होत्या. त्रिमितीय आकृत्या लहान त्रिकोण जोडून बनवतात आणि एका फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावर एका वेळी दिसणाऱ्या एका चित्रात, जास्तीत जास्त २०४८ त्रिकोण बसत. टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावर चिकटवलेले चित्र) गुळगुळीत करण्याची सोय नव्हती, त्यामुळे खेळातले पात्र भिंतीच्या जवळ गेले की भिंतीवरचा प्रत्येक ठिपका चौकोनी लादीएवढा होऊन समोर येतो. शिवाय हे इंजिन एका वेळी एकाच पडद्यासाठी चित्र काढते. दोन्ही पडद्यांवर त्रिमितीय दृश्य हवे असेल तर ते आळीपाळीने काढावे लागते आणि प्रत्येक पडद्याचा वेग सेकंदाला ६० वरून ३० फ्रेमवर येतो. त्याच वर्षअखेर जपानमध्ये आलेल्या सोनीच्या पीएसपीचा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झचा होता, परंतु सुरुवातीला खेळांना २२२ मेगाहर्ट्झपर्यंतच वेग वापरता येत असे. पूर्ण वेग २००७ च्या फर्मवेअरपासून (यंत्राच्या अंगभूत सॉफ्टवेअरपासून) खुला झाला. चिपची क्षमता आणि खेळाच्या वाट्याला येणारी क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवण्यासाठी याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. (निन्टेन्डोच्या २०११ च्या थ्रीडीएसमधला चष्म्याविना दृश्याची खोली दाखवणारा पडदा हा निराळा विषय आहे. तिथे दोन डोळ्यांसाठी दोन चित्रे काढावी लागतात, म्हणजे ग्राफिक्सचे काम वाढते. काही खेळांत खोली बंद केल्यावर चित्र अधिक सफाईने हलते ते यामुळेच.)

नव्या यंत्रांच्या बाबतीत तपासणीची सुरुवात पडद्यापासून करावी. स्टीम डेक या व्हॉल्व्ह कंपनीच्या, पीसीचे खेळ चालवणाऱ्या हँडहेल्डच्या १२८० बाय ८०० पडद्यावर प्रत्येक फ्रेममध्ये १०,२४,००० पिक्सेल भरावे लागतात, तर १९२० बाय १०८० च्या पडद्यावर २०,७३,६००, म्हणजे दुपटीहून किंचित अधिक. ग्राफिक्स चिप त्याच ताकदीची असेल तर अधिक पिक्सेलच्या पडद्याचे यंत्र जड खेळात मागे पडणार, हे उघड आहे. सात इंची पडद्यावर त्रिमितीय दृश्यासाठी ८०० ओळी पुरेशा वाटतात. अधिक पिक्सेलच्या पडद्याचा खरा फायदा होतो तो संवाद आणि मेनूतील अक्षरे वाचताना. जाहिरातीत पडद्याचा आकडा ठळक दिला असेल आणि चिपविषयी मोघम लिहिले असेल, तर सावध व्हावे.

त्यानंतर वॅट पाहावेत, कारण हँडहेल्ड यंत्राची खरी मर्यादा तिथेच असते. स्टीम डेकची मुख्य चिप ४ ते १५ वॅट घेते आणि २०२२ च्या पहिल्या आवृत्तीची बॅटरी ४० वॅट-तासांची आहे. पडदा, पंखा आणि मेमरी धरून एखादा खेळ एकूण २० वॅट ओढत असेल, तर दोन तासांत बॅटरी संपणार. हा भागाकार कुणालाही करता येतो. काही विंडोज यंत्रे चार्जर जोडल्यावर चिपला ३० वॅटपर्यंत मुभा देतात आणि त्यांची चाचणी काही वेळा याच अवस्थेत दाखवली जाते. म्हणून परीक्षण वाचताना किंवा व्हिडिओ पाहताना फ्रेम रेटचा (सेकंदाला किती फ्रेम दिसतात त्याचा) आकडा किती वॅटवर मिळाला, हे आधी शोधावे. ते सांगितलेले नसेल तर त्या आकड्यावर विसंबू नये. निन्टेन्डो स्विचच्या बाबतीतही टीव्हीला जोडणाऱ्या डॉकमध्ये बसवल्यावर चिप अधिक वेगाने चालते आणि चित्र १०८० ओळींपर्यंत जाऊ शकते, तर हातात घेतल्यावर पडदाच ७२० ओळींचा असतो. टीव्हीवर पाहिलेल्या चित्रावरून हातातल्या चित्राचा निष्कर्ष काढू नये.

प्रत्यक्ष चाचणी घेता येत असेल तर खेळाच्या पहिल्या दालनात ती उरकू नये. पाऊस, गर्दी, दाट झाडी किंवा पाण्यातले प्रतिबिंब असलेली जागा गाठावी, चार्जर काढून ठेवावा आणि निदान वीस मिनिटे सलग खेळावे. यंत्र तापल्यावर चिप आपला वेग उतरवते आणि हा फरक पहिल्या पाच मिनिटांत दिसतोच असे नाही. स्टीम डेकवर तीन ठिपक्यांचे बटण दाबून परफॉर्मन्सच्या भागात गेले की पडद्यावर माहितीपट्टी सुरू करता येते. त्यात सरासरी फ्रेम रेटपेक्षा फ्रेम-टाइमच्या, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेच्या, रेषेकडे लक्ष द्यावे. सेकंदाला ६० फ्रेमसाठी प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावे लागते. सरासरी ५५ असूनही रेषेत मधूनच उंच सुळके येत असतील, तर खेळात नजर वळवताना दृश्य झटके देते आणि तो खेळ स्थिर ३० पेक्षाही वाईट वाटतो.

चाचणीत यंत्र थोडेसेच कमी पडत असेल तर सेटिंगने भागते. पहिले काम म्हणजे फ्रेमची मर्यादा घालणे. ३० फ्रेमवर एका चित्राला ३३.३ मिलिसेकंद मिळतात आणि ४० फ्रेमवर २५, म्हणजे वेळेच्या हिशेबात ४० हा आकडा ३० आणि ६० यांच्या बरोबर मधोमध येतो. म्हणून पडदा ४० हर्ट्झवर चालवता येत असेल तर हा मध्यममार्ग सहसा सर्वांत फायद्याचा ठरतो. मग सावल्या एक-दोन पायऱ्यांनी खाली आणाव्यात. लहान पडद्यावर सावलीची कड किती रेखीव आहे हे क्वचितच जाणवते, पण तिचा भार मोठा असतो. प्रतिबिंबे आणि धुक्यातून झिरपणारा प्रकाश यांचेही तेच. टेक्श्चर मात्र शेवटी कमी करावीत, कारण ती मुख्यतः मेमरी अडवतात आणि मेमरीत मावत असतील तर फ्रेम रेटवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. एवढ्यानेही भागले नाही, तर खेळ कमी रिझोल्यूशनवर, म्हणजे कमी पिक्सेलांत, काढून एफएसआरसारख्या चित्र मोठे करणाऱ्या तंत्राने ताणून दाखवावा. परंतु मुळातच कमी ओळींवरून ताणलेल्या चित्रात गवत आणि तारांची कुंपणे सळसळू लागतात, ते कितपत चालेल हे प्रत्येकाने स्वतः पाहून ठरवावे.

रिझोल्यूशन निम्म्यावर आणूनही फ्रेम रेट जागचा हलत नसेल, तर अडचण बहुधा ग्राफिक्स चिपमध्ये नाही. रस्त्यावरील माणसांची हालचाल, वस्तूंची टक्कर, दूरवरच्या शहराचा हिशेब ही कामे प्रोसेसरची आहेत आणि पिक्सेल कमी केल्याने ती हलकी होत नाहीत. अशा वेळी गर्दीचे प्रमाण आणि दृश्याचे अंतर ठरवणाऱ्या सेटिंग आधी खाली आणाव्यात, आणि तरीही फरक पडला नाही तर त्या यंत्रावर तो खेळ ३० फ्रेमच्या मर्यादेत खेळावा किंवा घेऊच नये.