फ्लोटिंग शेल्फ लावताय? आधी भिंत ओळखा, मग या चुका टाळा

फ्लोटिंग शेल्फ, म्हणजे ब्रॅकेट न दिसता भिंतीला लागलेली फळी, निखळतं तेव्हा दोष बहुतेक वेळा शेल्फचा नसतो, भिंतीतल्या पकडीचा असतो. तरी खरेदी करताना सगळं लक्ष लॅमिनेटच्या रंगावर जातं. भिंत कशाची आहे हे ड्रिल मशीन सुरू झालं तरी कुणी विचारत नाही.

ते ओळखायला होलमधून पडणारा भुगा बघा. आधी प्लास्टरचा पांढरा किंवा करडा भुगा येईल, तो सोडून द्या. त्यापुढे लाल आला तर वीट. करडा आला आणि बिट (ड्रिलचं टोक) पुढे सरकायलाच तयार नसेल तर काँक्रीट; मिवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून, बांधलेल्या टॉवरमध्ये बहुतेक भिंती अशाच असतात. पांढुरका भुगा भरभर पडत बिट लोण्यात शिरावं तसं आत गेलं, तर एएसी ब्लॉक, म्हणजे आपण सगळे ज्याला सिपोरेक्स म्हणतो ते.

सिपोरेक्समध्येच सगळ्यात जास्त घात होतो. हा ब्लॉक हलका आणि सच्छिद्र. त्यावर हॅमर मोड (फिरता फिरता ठोके देणारा) लावला की होलच्या कडा ढासळतात, 8 मिमीच्या बिटने पाडलेलं होल त्याहून मोठं होतं आणि स्क्रू आवळताना गिट्टी, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारा होलमधला प्लग, जागच्या जागी फिरत राहते. म्हणून इथे हॅमर बंद करा, नुसतं फिरवून होल पाडा आणि एएसीसाठी मिळणारी लांब नायलॉनची गिट्टी वापरा. हॅमर लागतो तो काँक्रीटला. तिथे मध्येच बिट अडकून खणखणलं तर सळई लागली समजा. जोर लावू नका, होल सरकवा.

दुसरी चूक आखूड स्क्रूची. आतलं प्लास्टरच साधारण 12 ते 15 मिमी असतं. 35 मिमीची गिट्टी ठोकली तर विटेत जेमतेम 20 मिमी जाते, आणि प्लास्टर वजन पेलत नाही. पाकिटातले स्क्रू आखूड असतील तर सरळ बाजूला ठेवा. होल गिट्टीपेक्षा सेंटिमीटरभर खोल पाडा आणि आतला भुगा काढल्याशिवाय गिट्टी ठोकू नका.

स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली होल नको, भिंतीत दडलेलं (कन्सील्ड) वायरिंग बहुधा तिथूनच जातं. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीत पाइप असतात. ओल आलेली भिंत तर आधी दुरुस्त करा, शेल्फ नंतर.

लेव्हल छतावरून किंवा फरशीवरून धरू नका, स्पिरिट लेव्हल वापरा.

पुस्तकांच्या वजनाचा अंदाज फार लोकांचा चुकतो. फूटभर पुस्तकं सहज 9-10 किलो भरतात. त्यात फळीची लांबी दुप्पट केली आणि दर फुटाला तेवढंच वजन ठेवलं, तर मधला झोल सोळापट होतो. म्हणून चार फुटांच्या एका शेल्फपेक्षा दोन-दोन फुटांची दोन लावा. फळी जितकी बाहेर येईल तितका वरच्या स्क्रूवर ताण वाढतो, त्यामुळे जड वस्तू भिंतीलगत ठेवा. पलंगाच्या उशाशी पितळी मूर्ती किंवा कुंड्या ठेवूच नयेत असं माझं ठाम मत आहे.

सजावटीत मुख्य चूक गर्दीची. जवळपास तिसरा भाग मोकळा राहू द्या; भेट आलेलं प्रत्येक शोपीस मांडायलाच हवं असं नाही. देवाचं शेल्फ असेल तर निरांजनाच्या वर दुसरी फळी नको. काजळी धरते, लॅमिनेट तापून सुटतं, आग लागण्याचा धोका वेगळाच. खाली ताटली ठेवा, कारण तेल मुरलं की एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) फुगतो. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळी हवेत एमडीएफऐवजी प्लायच घ्या.

लावलेलं शेल्फ पुढे झुकलं असेल तर आधी ते रिकामं करून हलवून बघा. गिट्टी घट्ट असेल आणि झुकाव थोडाच असेल, तर ब्रॅकेटच्या पट्टीच्या खालच्या कडेमागे पातळ पत्र्याचा तुकडा सरकवा, पुढची कड वर येते. गिट्टी हलत असेल तर काडेपेटीच्या काड्या ठोकून ती टिकत नाही. होल 10 मिमीचं करून मोठी आणि लांब गिट्टी घाला. सिपोरेक्समध्ये होल फारच ढासळलं असेल तर केमिकल अँकर (होलमध्ये भरून घट्ट होणारा रेझिन) भरा किंवा शेल्फ चार इंच बाजूला घ्या आणि जुनं होल पुट्टीने बुजवा.