केमो पोर्ट बसवायचाय? मग हे आधी वाचा

केमोच्या काही सायकल झाल्या की हातावरच्या शिरा अशा कडक होतात की सिस्टर चार ठिकाणी टोचतात तरी सुई लागत नाही, त्यात ते डॉक्सोरुबिसिन, ज्याला सगळे लाल औषध म्हणतात, ते शिरेबाहेर गेलं तर तिथली कातडी पार जळते. म्हणून ट्रीटमेंट लांबणारी असली की डॉक्टर पोर्ट सांगतात, म्हणजे दर वेळी हाताची शीर न शोधता केमो थेट मोठ्या शिरेत सोडायची सोय. दहाच्या नाण्याएवढी पण जाड डबी, टायटेनियमची नाहीतर प्लास्टिकची, वर सिलिकॉनचा पडदा आणि मागे एक बारीक नळी, सगळं छातीवरच्या कातडीखाली, बाहेर काहीच लोंबकळत नाही.

आधी रक्त तपासतात, प्लेटलेट शक्यतो ५० हजारांच्या वर लागतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर कोणी विचारलं नाही तरी सांगा, आपल्या मनाने बंद करू नका. उपाशी यायचं का तेही विचारून घ्या. पोर्ट बहुतेक उजवीकडे बसवतात कारण मानेतली उजवी शीर हृदयाकडे सरळ उतरते, पण उजव्या स्तनाचा कॅन्सर असेल तर सहसा डावीकडे. आणि बायकांनी ब्राचा पट्टा कुठून जातो, पर्स कुठल्या खांद्याला असते हे डॉक्टर पेनने खूण करायच्या आधीच दाखवायचं, नंतर लोकलमध्ये पट्टा नेमका त्यावरच घासतो.

पोर्ट बसवायला साधारण पाऊण-एक तास. जागा बधिर करतात, सोबत थोडं झोपेचं इंजेक्शन. सोनोग्राफीवर बघत मानेतल्या शिरेत सुई, सुईतून तार, मग कॉलरबोनखाली छोटा छेद घेऊन डबीसाठी खिसा, आणि नळी कातडीखालून ओढून शिरेत. नळीचं टोक हृदयाच्या तोंडाशी आलंय का ते एक्स-रेवर बघतात. तोंड एका बाजूला वळवून वर हिरवं कापड टाकतात, तेव्हा घाबरायला होतं, खोकला येतोय वाटलं तर हलायच्या आधी सांगायचं. दाबल्यासारखं वाटेल, दुखलं तर बोला, अजून बधिर करतात. बरेचसे पेशंट संध्याकाळी घरी जातात, पण नंतर धाप लागली किंवा छातीत दुखलं तर लगेच परत.

खरं काम नंतर असतं, आणि तिथेच लोक ढिले पडतात. ड्रेसिंग कोरडं हवं, मुंबईच्या घामात ते सुटतंच, सुटलं की बदलून घ्या. पोर्टमध्ये फक्त हूबर सुई, म्हणजे पोर्टसाठीची खास सुई, साध्या सुईने पडद्याचे तुकडे पडतात. सिरिंज १० एमएलची किंवा मोठी, कारण लहान सिरिंजचं प्रेशर जास्त असतं, नळी फाटू शकते. केमो संपल्यावरही फ्लश, म्हणजे नळी तुंबू नये म्हणून त्यातून औषधी पाणी सोडणं, चालूच, बहुतेक ठिकाणी महिन्यातून एकदा, काही ठिकाणी जास्त अंतराने. परळला ट्रीटमेंट घेऊन गावी परत जाणार असाल तर तिथे जवळ हे कोण करेल ते डिस्चार्जच्या आधी विचारा, आणि हूबर सुया इथूनच न्या.

फ्लशनंतर हुडहुडी भरून ताप आला, हात-मान सुजली किंवा तिथे लाल झालं तर क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, सरळ हॉस्पिटल. केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट ताप आला तर रात्र असली तरी निघायचं.

पोर्टचं कार्ड पाकिटात ठेवा, सीटी स्कॅनच्या वेळी ते दाखवा, कारण कॉन्ट्रास्टचं (स्कॅन नीट दिसावा म्हणून शिरेतून जोरात सोडतात त्या औषधाचं) प्रेशर झेपणारे पोर्ट वेगळे येतात, सगळ्यांतून देता येत नाही.