पहिल्या काही लढतींतच अव्वल प्रतिस्पर्धी: होकार देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर काय करावे

१ मार्च २०१४ रोजी टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे वासिल लोमाचेन्को जागतिक किताबासाठी रिंगमध्ये उतरला, तेव्हा ती त्याची अवघी दुसरी व्यावसायिक लढत होती. युक्रेनच्या या बॉक्सरने २००८ आणि २०१२ अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली होती. हौशी कारकिर्दीत त्याच्या नावावर ३९६ विजय आणि एकच पराभव होता, आणि त्या पराभवाचा वचपाही त्याने पुढे दोनदा काढला होता. समोर उभा असलेला मेक्सिकोचा ऑर्लांडो सालिदो तोवर बारा लढती हरलेला होता. तरीही बारा फेऱ्यांनंतर तीनपैकी दोन परीक्षकांनी सालिदोला विजयी ठरवले.

असा प्रस्ताव आपल्याकडच्या एखाद्या मुलासमोर किंवा मुलीसमोरही येऊ शकतो, कारण भारतीय बॉक्सर आता व्यावसायिक क्षेत्राकडे वळू लागले आहेत. पहिल्या दहा लढतींच्या आत मोठ्या नावाशी झुंजण्याची संधी आली, तर बॉक्सर, प्रशिक्षक आणि घरची मंडळी या तिघांनी मिळून काय तपासावे, याचा विचार पुढे केला आहे. लवकर मोठी लढत घेणे मुळातच चूक आहे, असे मी मानत नाही. मात्र कशाची उणीव आहे हे न पाहता ती घेणे मला फार धोक्याचे वाटते, आणि ही उणीव बहुतेक वेळा कौशल्यात नसून दुसरीकडेच कुठेतरी असते.

लढतींची संख्या बाजूला ठेवा

पहिला हिशेब अनुभवाचा करावा, पण तो नोंदवहीतल्या व्यावसायिक लढतींच्या आकड्यावरून करू नये. थायलंडचा सेनसाक मुआंगसुरिन १९७५ मध्ये तिसऱ्याच लढतीत जागतिक विजेता झाला, कारण त्याआधी तो मुए थाई या थायलंडच्या पारंपरिक लढतीच्या रिंगमध्ये मुरलेला होता. जपानच्या नाओया इनोउएने सहाव्या लढतीत पहिला जागतिक किताब मिळवला, तर आठव्या लढतीत ओमार नार्वाएससारख्या कसलेल्या विजेत्याला दुसऱ्या फेरीत संपवले. महिलांमध्ये क्लारेसा शील्ड्स चौथ्या, तर केटी टेलर सातव्या लढतीत जागतिक विजेती झाली. महिलांच्या व्यावसायिक लढतीत फेरी सहसा दोन मिनिटांची आणि किताबी लढत दहा फेऱ्यांची असते, त्यामुळे हौशी रिंगमधून येणाऱ्या मुलीला ओलांडावे लागणारे अंतर पुरुषांच्या मानाने कमी असते, हेही येथे लक्षात घ्यायला हवे.

दुसऱ्या टोकाला पीट रॅडमाकरचे उदाहरण आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये हेवीवेट सुवर्ण जिंकलेला हा अमेरिकन बॉक्सर पुढच्याच वर्षी, आयुष्यातल्या पहिल्या व्यावसायिक लढतीत, थेट जगज्जेत्या फ्लॉइड पॅटरसनसमोर उभा राहिला. दुसऱ्या फेरीत त्याने पॅटरसनला खाली पाडले, आणि सहाव्या फेरीत तो स्वतः नॉकआऊट झाला. त्याच्या ठोशात दम होता, पण पुरुषांच्या हौशी लढतीच्या तीन फेऱ्यांसाठी घडवलेले शरीर आणि डोके बारा किंवा तेव्हाच्या पंधरा फेऱ्यांसाठी आपोआप तयार होत नाही.

म्हणून एक वही घ्यावी आणि तिच्यात प्रामाणिकपणे उत्तरे लिहावीत. स्पॅरिंग, म्हणजे सरावातल्या लढती, धरून सहाव्या फेरीच्या पुढे किती वेळा गेलो? डावखुऱ्या बॉक्सरशी किती फेऱ्या खेळलो? ठोसा लागून पाय डळमळल्यावर त्याच फेरीत सावरलो, असे कधी घडले आहे का? बरगड्यांवर आणि पोटावर सतत मारा करणारा कोणी भेटला आहे का? हेडगार्डशिवाय किती लढती झाल्या? लोमाचेन्कोने व्यावसायिक पदार्पणापूर्वी वर्ल्ड सिरीज ऑफ बॉक्सिंगमध्ये पाच फेऱ्यांच्या, हेडगार्डशिवायच्या सहा लढती केल्या होत्या. हौशी आणि व्यावसायिक रिंगमधला तो पूल त्याने ओलांडलेला होता, आणि तरीही सालिदोने त्याला नवे काहीतरी दाखवले. वहीतली दोनपेक्षा अधिक उत्तरे ‘कधीच नाही’ अशी आली, तर मोठी लढत निदान सहा महिने पुढे ढकलावी आणि मधल्या काळात नेमका तो अनुभव देणारे प्रतिस्पर्धी निवडावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिस्पर्ध्याच्या सवयी जवळून पाहा

सालिदोच्या बारा पराभवांकडे बोट दाखवून त्याला कमी लेखणे सोपे होते. पण पंधराव्या वर्षापासून व्यावसायिक लढती करणाऱ्या माणसाने त्या पराभवांतून काय शिकून घेतले होते, हे त्या रात्री दिसले. लोमाचेन्को बाजूला सरकून कोन साधायला निघाला की सालिदो एका हाताने त्याला धरून ठेवी, डोके त्याच्या खांद्याशी टेकवून अंगाचा भार त्याच्यावर टाकी आणि मोकळ्या हाताने कमरेवर, मांडीवर, कित्येकदा पट्ट्याच्या खालीही मारत राही. रेफ्रीने त्याचा एकही गुण कापला नाही. हौशी रिंगमध्ये मिठी पडताच, म्हणजे बॉक्सरांनी असे धरताच, रेफ्री लगेच दोघांना वेगळे करतात, त्यामुळे मिठीतली ही लढाई ऑलिंपिक विजेत्यालाही नवखी होती. शेवटच्या फेरीत लोमाचेन्कोने सालिदोला चांगलेच हादरवले, पण तोवर बऱ्याच फेऱ्या हातच्या गेल्या होत्या आणि सालिदोने त्याला घट्ट धरून वेळ काढला.

म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या विजयांच्या चित्रफिती एकदा पाहाव्यात, तर पराभवांच्या तीनदा. समालोचनाचा आवाज बंद करून पाहिल्यास डोळा ठोशांपलीकडेही जातो. मिठीत त्याचा मोकळा हात कुठे जातो, थकल्यावर तो मागे सरकतो की चिकटतो, घंटा वाजण्यापूर्वीच्या तीस सेकंदांत काय करतो, रेफ्रीची पाठ वळली की त्याचे डोके कुठे असते, हे सारे वहीत उतरवावे. मग स्पॅरिंगच्या जोडीदाराला नेमके तेच करायला सांगावे. जोडीदार थोडा वजनदार घ्यावा, दर तीन फेऱ्यांनी ताज्या दमाचा दुसरा आणावा, आणि आठवड्यातून एक दिवस फक्त मिठीतल्या फेऱ्यांसाठी राखून ठेवावा. कोपर बरगड्यांना लावून ठेवणे, कपाळ समोरच्याच्या हनुवटीखाली घालणे, त्याच्या काखेतून हात घालून त्याला वळवणे आणि वळता वळता बाहेर पडणे या चार गोष्टी अंगवळणी पडायला किमान दोन महिने लागतात. लढतीची तारीख त्याहून जवळ असेल, तर तेवढ्या एका कारणासाठीही नकार देता येतो.

याच्या उलट बाजूही ध्यानात ठेवावी, कारण तुमचीही चित्रफीत कोणीतरी पाहत असतो. मिश्र मार्शल आर्ट्समधून आलेल्या फ्रान्सिस एनगानूने ऑक्टोबर २०२३ मध्ये रियाध येथे पहिल्याच बॉक्सिंग लढतीत हेवीवेट जगज्जेत्या टायसन फ्युरीला तिसऱ्या फेरीत खाली पाडले आणि दहा फेऱ्यांनंतर तो अगदी थोडक्यात हरला. बॉक्सर म्हणून त्याची एकही लढत तोवर कोणी पाहिलेली नव्हती. पुढच्या मार्चमध्ये माजी जगज्जेत्या अँथनी जोशुआसमोर तो उतरला, तेव्हा जोशुआच्या हाती त्या दहा फेऱ्या होत्या, आणि दुसऱ्या फेरीतच सारे आटोपले. पहिल्या मोठ्या लढतीतल्या चमकदार कामगिरीच्या भरात लगेच दुसरी मोठी लढत घेऊ नये, असे मी प्रत्येक प्रशिक्षकाला सांगेन.

वजन आणि करार

हा भाग बॉक्सरला कंटाळवाणा वाटतो आणि नुकसान इथेच सर्वांत जास्त होते. सालिदो विजेता होता, पण लढतीच्या आदल्या दिवशी १२६ पौंडांच्या, म्हणजे सुमारे ५७ किलोंच्या मर्यादेपेक्षा तो सव्वादोन पौंड जास्त भरला. त्यामुळे त्याचा किताब वजनकाट्यावरच गेला आणि तो जिंकण्याची मुभा फक्त लोमाचेन्कोला उरली. प्रत्यक्ष रिंगमध्ये उतरताना सालिदो १४७ पौंडांचा, तर लोमाचेन्को १३६ पौंडांचा होता. अकरा पौंड, म्हणजे जवळजवळ पाच किलो अधिक वजनाचा माणूस छत्तीस मिनिटे अंगावर रेलत असेल, तर त्याचा परिणाम पायांवर होणारच.

म्हणून सही करण्यापूर्वी करारातील काही कलमे मोठ्याने वाचून घ्यावीत. प्रतिस्पर्धी वजनात बसला नाही तर दंड किती आणि तो कोणाच्या खिशात जाईल? तशा वेळी लढत नाकारण्याचा हक्क तुम्हाला आहे का, आणि नाकारल्यास मानधनाचे काय? लढतीच्या दिवशी सकाळी पुन्हा वजन होणार का? आयबीएफ या संघटनेच्या किताबी लढतींत दुसऱ्या दिवशीच्या वजनावरही दहा पौंडांची मर्यादा घालण्याची पद्धत राहिली आहे. तसे कलम इतर लढतींतही मागता येते, आणि तरुण बॉक्सरच्या बाजूने ते मागायलाच हवे. हातमोजे कोणत्या बनावटीचे, रिंग किती फुटांची, परीक्षक कोणत्या देशांचे आणि परतीच्या लढतीचा हक्क कोणाला, हेही लेखी असावे. लढत भरवणारा यजमान प्रमोटर प्रतिस्पर्ध्याचा असेल, तर परीक्षकांविषयीचा प्रश्न दोनदा विचारावा. ओलेक्सांद्र उसिकने दहाव्या लढतीत ख्रिस्तोफ ग्लोवात्स्कीला त्याच्याच पोलंडमध्ये, ग्दान्स्कला जाऊन हरवले होते. पण परक्या मुलखात गुणांवर जिंकायचे तर फेऱ्या निर्विवाद जिंकाव्या लागतात, आणि डावपेच त्या हिशेबाने आखावे लागतात.

हा करार मॅनेजरने आणि बॉक्सरच्या बाजूच्या स्वतंत्र वकिलाने वाचलेला असावा. प्रमोटरने सुचवलेला वकील चालणार नाही. या बाबतीत भिडेखातर गप्प बसणारे पालक पाहिले की मला फार वाईट वाटते, कारण ठोसे त्यांच्या मुलाला खायचे असतात.

दोन लढतींमधले अंतर

मोठ्या लढतीपूर्वी एक अशी लढत असावी, जिच्यात प्रतिस्पर्धी अनुभवी असेल पण मारक नसेल, आणि तिच्यानंतर तीन ते पाच महिन्यांत मोठी लढत यावी. फार लांबलेली विश्रांती मोठ्या नावाइतकीच घातक ठरू शकते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधील कांस्यपदक विजेता विजेंदर सिंग याची व्यावसायिक वाटचाल सुरुवातीला जपून आखलेली होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये मँचेस्टरला पदार्पण, २०१६ च्या जुलैत दिल्लीत केरी होपविरुद्ध आशिया पॅसिफिक किताब, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईत वरळीला झुल्पिकार मैमैतिअलीवर दहा फेऱ्यांचा, गुणांवरचा कष्टाचा विजय, अशा पायऱ्या तो चढत गेला. त्याचा पहिला पराभव मार्च २०२१ मध्ये गोव्यात, पणजीला मांडवीतल्या कॅसिनो जहाजावर झाला. रशियाच्या अर्तिश लोप्सानची तेव्हा मोठी ख्याती नव्हती, पण तो उंच आणि तरुण होता, तर विजेंदर वर्षभराहून अधिक काळ रिंगबाहेर राहून आलेला होता. लढत पाचव्या फेरीत थांबली. प्रतिस्पर्धी निवडताना त्याच्या नावासोबत आपले कॅलेंडरही टेबलावर ठेवावे, ते यासाठी.

घंटा वाजल्यानंतरचे आधीच ठरवा

पराभव झाला तर काय, हा प्रश्न तयारीच्या दिवसांत अशुभ मानून टाळला जातो. तो होकार देण्यापूर्वीच सोडवलेला असावा. लोमाचेन्को हरल्यावर साडेतीन महिन्यांनी त्याची पुढची लढत झाली. ती गॅरी रसेल ज्युनियरविरुद्ध, त्याच रिकाम्या राहिलेल्या किताबासाठी होती, आणि तिसऱ्या लढतीत तो जागतिक विजेता झाला. त्याच्या पाठीशी मोठा प्रमोटर होता. तुमच्या पाठीशी कोण आहे, आणि पराभवानंतरही किमान दोन लढती देण्याचे त्याने लेखी कबूल केले आहे का, हे पाहावे. नॉकआऊट झाल्यास वैद्यकीय नियमांनुसार सक्तीची विश्रांती मिळते. त्या काळात घरखर्च कसा चालणार, याचाही हिशेब मानधन ठरवतानाच करावा.

विजयाचीही तयारी लागते, हे लिऑन स्पिंक्सकडे पाहून कळते. माँट्रियल ऑलिंपिकच्या या सुवर्णविजेत्याने फेब्रुवारी १९७८ मध्ये आठव्या लढतीत मुहम्मद अलीला हरवले. सात महिन्यांनी अलीने किताब परत घेतला आणि पुढच्या वर्षी गेरी कुट्झीने स्पिंक्सला पहिल्याच फेरीत संपवले. जगज्जेता झालेल्या बॉक्सरला हलक्या लढती मिळत नाहीत, त्यामुळे आठ लढतींत न शिकलेले त्याला जगातल्या सर्वांत कठीण माणसांसमोर शिकावे लागते. म्हणून जिंकल्यावर लगेच कोणाशी लढायचे नाही, त्या नावांची यादी लढतीपूर्वीच करून ठेवावी.

लढत थांबवण्याचा अधिकार कोणाचा, हे शेवटच्या आठवड्यात बॉक्सरच्या उपस्थितीत ठरवावे. तो कॉर्नरमधल्या, म्हणजे फेऱ्यांच्या मध्ये बॉक्सरला सांभाळणाऱ्या चमूतल्या, एकाच माणसाकडे द्यावा आणि प्रमोटर किंवा घरच्यांना त्यात मत नसावे. खूण स्पष्ट ठरवावी: सलग दोन फेऱ्या जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, निघाला नाही, प्रश्नाला उत्तर उशिरा आले, किंवा स्टुलावर बसल्यावर नजर स्थिर राहिली नाही, तर रिंगमध्ये टॉवेल फेकून लढत थांबवली जाईल. बॉक्सरने या खुणा स्वतःच्या तोंडाने म्हणून दाखवाव्यात आणि त्या मान्य असल्याचे सर्वांसमोर सांगावे.